एका रेघेचा दगड

बालफर्डी, अँगस, स्कॉटलंड
रविवार, १९ एप्रिल १९५३

वॉटी,

प्रिय वगैरे लिहीत नाही. सात वर्षांत नाताळाला एकेक कार्ड, त्यावर लाल छातीचा पक्षी आणि खाली तुझ्या बायकोची सही, एवढ्यावर कुणी प्रिय होत नाही. रविवारी पत्र लिहू नये हेही मला ठाऊक आहे. चर्चच्या मिनिस्टरना कळलं तर पुढचं प्रवचन माझ्याकडे बघून होईल. होऊ दे.

जेसी लेंगनं काल सांगितलं. ती आता नगरपालिकेच्या कारकुनाकडे घरकाम करते, आणि तो माणूस टपाल टेबलावर उघडं टाकून जेवायला बसतो. नगरपालिकेनं तुला तिकडे इंग्लंडात, लिंकनला, पत्र घातलं आणि तू 'येतो' म्हणून कळवलंस म्हणे. बाबांच्या दगडावर छिन्नी लावायला येतोस! आई गेली तेव्हा तुला गाडी मिळत नव्हती. आता बरी मिळाली.

त्यांनी तुला काय लिहिलं कोण जाणे, तेव्हा खरं काय झालं ते माझ्याकडून ऐक. दोन जूनला लंडनात राज्याभिषेक. त्यासाठी चौकात, घोड्यांच्या हौदाशेजारी, एक दगड उभा करायचं ठरलं. वर राणीचं नाव, एलिझाबेथ, नावापुढं दोन उभ्या रेघा म्हणजे दुसरी, खाली साल. काम बाबांकडे आलं. दुसरं कुणाकडे जाणार? दगड तयार झाला, कापडात गुंडाळून गाड्यावरून चौकात नेला, तसाच उभा केला. कारकुनाला धीर कुठला! त्यानं दुसऱ्याच दिवशी कापड उचलून पाहिलं. नावापुढं एकच रेघ.

दहा मिनिटांत नगराध्यक्ष डनबार हजर, गळ्यात कापड मोजायची फीत तशीच. पाठोपाठ अर्धं गाव.

"मिस्टर मिल्न, हे काय आहे?"

"दगड आहे," बाबा म्हणाले.

"ते दिसतंय मला. राणी दुसरी आहे! तुम्ही एकच रेघ काढलीत. ती पहिली झाली की!"

"इथं पहिलीच आहे."

"कागदावर दोन रेघा लिहून दिल्या होत्या."

"कागद मी वाचला होता."

"मग ही एक कुणी कोरली?"

"मी कोरली," बाबा म्हणाले आणि टोपी डोक्यावर घातली.

मासळीवाली बेट कडेला उभी होती. ती ओरडली, "डनबारसाहेब, एक रेघ कमी पडत असेल तर तुम्हीच उभे राहा की शेजारी! तेवढेच बारीक आहात!" लोक हसले, आणि तिथंच बिघडलं. चुकलेला दगड डनबारनं गिळला असता. ते हसणं त्याच्या घशाखाली उतरेना.

त्याला राणीचं काही पडलेलं नाही, हे तुला सांगते. त्याच्या कापडदुकानात रातोरात चहाचे मग आलेत, तीनशे, सगळ्यांवर दोन रेघा. चौकातल्या दगडावर एक आणि मगांवर दोन असं झालं तर मग कोण घेणार?

तेव्हा येऊ नकोस. बाबांची तब्येत उत्तम आहे. हात अजून दगडासारखा.

एफी


मंगळवार, २८ एप्रिल

वॉटी,

तुझं पत्र मिळालं. एवढ्या वर्षांनी लिहिलंस आणि काय लिहिलंस, 'अर्ध्या तासाचं काम आहे, एफी, उगाच ताणू नकोस.' अर्धा तास तर डोकं उडवायलाही लागत नाही.

लंडनचं सरकार म्हणतं, इंग्लंड नि स्कॉटलंड दोन्ही देशांच्या मोजणीत जो आकडा मोठा असेल तो धरायचा, म्हणजे कुणावर अन्याय नाही, असं तू मला समजावतोस. वॉटी, मी बाराव्या वर्षी शाळा सोडली, आई अंथरुणाला खिळली म्हणून. तू पुढं शिकलास. तरी मोजायला मला येतं. आपला राजा सहावा जेम्स इथून लंडनच्या गादीवर गेला, तिथं त्यांनी त्याला पहिला म्हटलं. का, तर त्यांच्या मोजणीत तो पहिला. बरं, तुमचं घर, तुमची मोजणी. आता तिथली राणी इथं येते, तेव्हा आमचं घर आमची मोजणी नको का? नाही! तेव्हाही त्यांचीच. आपण तिकडे गेलो तरी त्यांची, ते इकडे आले तरी त्यांची. आणि पुढं कधी जेम्स नावाचा राजा झालाच तर त्याला आपल्या मोजणीनं आठवा म्हणू, असं सांगतात. आत्याबाईला मिशा असत्या तर आम्हीही तिला काका म्हणणार होतो.

राणी झालेल्या त्या पोरीशी माझं भांडण नाही. सत्तावीस वर्षांची, बाप नुकता गेलेला. तिला कुणी विचारलंही नसेल. पण त्यांची ती आधीची एलिझाबेथ, जिनं इथं कधी राज्य केलं नाही, जिनं आपल्या राणी मेरीला एकोणीस वर्षं कोंडून शेवटी मुंडकं उडवलं, तिला आपण आपल्या चौकात पहिली म्हणून मोजायचं? आणि वर फुलं वाहायची?

एडिंबरात लोकांनी दोन रेघांची टपालपेटी फेब्रुवारीत उडवून दिली. बाबांनी काही उडवलेलं नाही. एक रेघ काढली नाही, एवढंच.

आणि तू पाथरवटाचा मुलगा असून विसरलास का? ज्यानं दगड कोरला तो जिवंत असेपर्यंत त्यावर दुसऱ्यानं हत्यार लावायचं नाही. लावलं तर त्याची खूण, दगडावर सहीसारखी कोरतात ती, घेतलेल्या मुलानं, आणि तेही त्यानं 'हो' म्हटल्यावर. डनबारनं फॉर्फरच्या पाथरवटाला बोलावलं होतं. तो आला, दगडाभोवती एक फेरी मारली, विचारलं, "मिल्न आहे ना अजून?" आहे म्हटल्यावर पिशवी उचलून परत गेला. ब्रेकिनचा तर आलाच नाही. त्यांना कळतं ते तुला कळत नाही, आणि बाबांची खूण तू घेऊन बसलायस लिंकनात!

एफी

कप मी बाबांना अर्धाच भरून देते. तू विचारलंस म्हणून नव्हे, सहज लिहिलं.


सोमवार, ११ मे

वॉटी,

नोटीस आली. आपल्या दगडकामाच्या आवाराची जमीन नगरपालिकेची आहे हे आजोबांच्या वेळेपासून कुणाच्या डोक्यातही नव्हतं, ते आता त्यांच्या बरोबर डोक्यात आलं. दोन जूनच्या आत दगड दुरुस्त झाला नाही तर नोव्हेंबरात, मार्टिनमासला, आवार रिकामं करायचं. शेड, दगड, कप्पी, सगळं. बाबा शहात्तर वर्षांचे आहेत. सकाळी उठून आवारात जायचं नाही तर त्यांनी जायचं कुठं? खिडकीत बसून समोरच्या बायकांचे पडदे मोजायचे?

तू लिहितोस, 'मी त्यांचा मुलगा, खूण त्यांचीच माझ्याकडे. त्यांना विचार, ते हो म्हणाले तर रीत मोडत नाही आणि आवारही वाचतं.' शहाणपणाचं लिहिलंस. डनबारही हेच म्हणतो. सगळं गाव माझ्या मागे लागलंय, "एफी, म्हाताऱ्याला समजाव."

समजावू काय? 'हो' म्हणायचा हक्क बाबांचा नाही.

आता लिहिते ते बसून वाच.

बाबांचे हात गेलेत. तीन वर्षं झाली. आधी चहा सांडायचा, मग दाढी करताना कापायचं, मग एकदा लेस्लीच्या पोराच्या थडग्यावर छिन्नी घसरली आणि पोराच्या नावात खाच पडली. त्या दिवशी ते शेडमध्ये दगडाकडे पाठ करून बसले. मी तो दगड घासून सपाट केला आणि नाव पुन्हा कोरलं. बाबांनी त्यावरून बोट फिरवलं. दुसऱ्या दिवशी दुसरा दगड माझ्यापुढं सरकवला. तेव्हापासून खडूनं अक्षरं ते आखतात, आखताना मी मनगट धरते, आणि कोरते मी. दार आतून लावून. तीन वर्षांत या पॅरिशमध्ये जो कुणी मेला त्याचं नाव मी कोरलंय, वॉटी. खूण बाबांची.

तुला काय वाटलं, तू गेल्यावर आवार कसं चाललं? मला वाचायला शाळेनं नाही शिकवलं, थडग्यांनी शिकवलं. लहानपणी तू छिन्नी धरायचास आणि मी अक्षरांत काळा रंग भरायचे. तुझी अक्षरं उजवीकडे कलायची. अजून कलत असतील.

राणीचा दगडही मीच कोरला. बाबांनी दोन रेघा आखल्या होत्या. नीट ऐक, दोन. ते म्हणाले, "आपल्याला पटत नाही, पण पोट आहे. कोर." मी नाव कोरलं. पहिली रेघ कोरली. दुसरीवर छिन्नी ठेवली आणि मोगरी उचललीच जाईना. दगडावर 'दुसरी' लिहायचं तर पहिली कुठंतरी निजलेली पाहिजे. कुणाची दुसरी बायको असेल तर पहिलीचं नाव वर असतं, नाहीतर मी विचारते, पहिली कुठं आहे? कुठल्या गावात, कुठल्या मातीत? मग या दगडाला का विचारू नये? या मातीत पहिली कुठं आहे?

चूक झाली, हात चुकला, असं मी सांगू शकले असते. चुकला नाही. मी ठरवून ओल्या फडक्यानं खडूची दुसरी रेघ पुसली.

दगड कापडात मीच गुंडाळला होता, तेव्हा बाबांनी ती एक रेघ चौकातच पाहिली, सगळ्या गावाबरोबर. माझ्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाले, "मी कोरली."

तेव्हा मला भरून आलं होतं. आता महिना होत आला आणि मला राग येतो. मला वाचवलं की स्वतःला? 'बाईनं कोरलं' हे कळू नये म्हणून चाललंय का सगळं? आपल्या आवारासाठी, आपल्या नावासाठी, आपल्या खुणेसाठी! माझ्यासाठी काय?

दगड माझा आहे. मी जिवंत आहे. आणि मी 'हो' म्हणत नाही. तू यायचं नाहीस, कारण हे आहे. आधी खोटं लिहिलं होतं.

एफी


शनिवार, २३ मे

वॉटी,

परवा नगरपालिकेची सभा झाली. मी गेले, ॲप्रनवरच. बाबा माझ्या आधी जाऊन मागच्या बाकावर बसले होते. डनबारनं विचारलं, मिल्न आपल्या मुलाला परवानगी देणार की नाही. बाबा उठायच्या आत मी उठले.

"परवानगी त्यांना देता येत नाही. दगड मी कोरलाय."

पहिल्यांदा सगळे हसले. मग मी हात पुढं केले. पाथरवटाचे हात पाथरवटाच्या गावात कुणी ओळखत नाही असं होत नाही. गाठी बघितल्या आणि हसणं थांबलं. मी सगळं सांगितलं. लेस्लीचा दगड, दार आतून लावलेलं, तीन वर्षं. लेस्लीची बायको तिथंच होती. ती म्हणाली, "माझ्या पोराचं नाव तू कोरलंस होय गं? मला वाटलंच. बाप्यांना 'एस' इतका नाजूक जमत नाही."

मला वाटलं, सुटले. आता म्हणतील, एफी, तू कोरलास, तूच ठरव.

डनबारनं चष्मा पुसला. पुसताना त्याचं तोंड असं काही फुललं की मला तिथंच धोका कळायला हवा होता. "म्हणजे," तो म्हणाला, "दगड पाथरवटानं कोरलेलाच नाही."

"मी कोरलाय म्हणाले ना!"

"तेच. तुम्ही शिकाऊ म्हणून कुठं राहिलात? तुमची खूण कुठं आहे? पाथरवटाच्या दगडाला दुसऱ्यानं हात लावू नये, ही रीत आम्हाला मान्य. पण हे तर घरच्या बाईनं केलेलं काम. उद्या कुणी बाईनं भिंतीला चुना फासला तर तो पुसायला तिची परवानगी लागते का? गृहस्थहो, अडचण संपली. कुणीही पाथरवट येऊन दुसरी रेघ काढू शकतो."

सगळ्या सभेनं माना डोलावल्या. कारकुनानं लिहूनही घेतलं. डनबार मला म्हणाला, "आणि बाईसाहेब, आवारही तुमच्याकडेच राहील. आनंद माना."

मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी एवढंच म्हणायचं होतं, 'ती पाथरवट आहे.' तीन शब्द. माझ्या हातची भाकरी तीन वर्षं खातात, आणि मी भाजलेल्या भाकरीचं म्हणत नाहीये मी. ते टोपीकडे बघत बसले. टोपीवर काय लिहिलं होतं?

घरी येऊन मी सूप वाढलं आणि म्हटलं, "बोलला का नाहीत?"

"आवार वाचतंय, एफी."

"आवार! आणि मी?"

त्यावर चमचा वाडग्यात वाजत राहिला. तोही मी धरला नाही.

कारकुनानं त्याच संध्याकाळी तुला पुन्हा पत्र टाकलं, जेसीनं स्वतः पेटीत घातलं. हे तुला मिळेल त्याच्या आधी ते मिळालेलं असेल. दगड पाथरवटाचा नाही, रीत लागू नाही, आपण यावं. फॉर्फर-ब्रेकिनचे अजून कुरकुरतात, पण तू काय करतोस त्यावर सगळ्यांचं लक्ष आहे. तू, मिल्नचा मुलगा, दोन देशांत काम केलेला. तू हात लावलास की मी पाथरवट नव्हते हे पक्कं होईल. कायमचं. मग या पॅरिशमधल्या सगळ्या थडग्यांवर चुनाच फासलाय मी.

आलास तर आवार वाचतं, बाबा वाचतात. नाही आलास तर दोन्ही जातं. हे मी लपवत नाही.

विनंती करणार नाही. मला येत नाही ते.

एफी


बुधवार, ३ जून

वॉटी,

शुक्रवारी पुन्हा सभा भरली, तुझं उत्तर वाचायला. मी जाणार नव्हते. बेट मासळीची टोपली दारात ठेवून म्हणाली, "चल, नाहीतर ही इथंच उपडी करते." म्हणून गेले.

कारकुनानं पाकीट फोडलं. आधी मनात वाचलं आणि डनबारकडे सरकवलं. डनबारनं वाचलं आणि परत कारकुनाकडे सरकवलं. बेट ओरडली, "काय पत्ते पिसताय! मोठ्यानं वाचा!" तेव्हा कारकुनानं वाचलं.

'आपला दगड पाथरवटानं कोरला आहे. तिचा हात मी लहानपणापासून ओळखतो, अक्षरं माझ्यापेक्षा सरळ आहेत. ती जिवंत आहे. तिला विचारा. वॉल्टर मिल्न, पाथरवट, लिंकन.'

एवढंच. मी तिथं काही रडले-बिडले नाही. शेडमध्ये दार लावून काय केलं ते तुला कशाला सांगू?

बाबा उठले. बाक धरून उठले, कारण आता पायही तसेच आहेत. म्हणाले, "वॉटीचं खरं आहे. हे मी बोलायला हवं होतं." आणि माझ्याकडे वळून, सगळ्या सभेत, "दगड तुझा. तू सांग."

सात वर्षं त्यांनी तुझं नाव घेतलेलं नाही आणि माझ्याबद्दल एक शब्द कधी चारचौघांत काढलेला नाही. एका दुपारी दोन्ही झालं म्हणजे म्हातारा थकला असणार.

डनबारनं मला विचारलं. विचारावंच लागलं. "मिस मिल्न, आपण दुसरी रेघ काढाल का?" आवाराचं पुन्हा सांगितलं, एकेक शब्द सुटा करून, मी बहिरी असल्यासारखं.

"नाही," मी म्हणाले.

फॉर्फरचा पाथरवट दाराशी उभा होता. त्यानं टोपी काढली. बाबांसाठी नव्हे.

काल सोहळा झाला. थंडी अशी की जानेवारी परवडला, आणि पाऊस आडवा. रेशनवर माणशी रतलभर जादा साखर मिळाली होती, तिचे केक ओले झाले. डनबारनं रेघ झाकायला दगडापुढं जिरेनियमची कुंडी ठेवली होती, तिच्यावर दुसरी. बँडनं पहिला सूर लावला आणि वाऱ्यानं वरची कुंडी हौदात घातली. पोरं किंचाळली. एक रेघ सगळ्यांना दिसली. मिनिस्टर बोलायचे ते थांबले, मग म्हणाले, "देव राणी एलिझाबेथचं रक्षण करो," आकडा न घेता, आणि पुढं गेले. तीनशे मगांपैकी बरेच अजून दुकानात आहेत. मी आज मुद्दाम समोरून गेले.

मार्टिनमासला आवार जाणार, त्यात बदल नाही. ब्रेकिनच्या रस्त्याला ऑगिल्वीचा गोठा रिकामा आहे. छप्पर गळतं, पण उजेड उत्तरेचा आहे, आणि दार रस्त्यावर उघडतं. ते मी लावणार नाही. बाबा परवा तिथं चालत गेले, बाहेर दगडावर बसून आले. म्हणाले, इथून गाडी दिसते. कुठली गाडी, मी विचारलं. तर म्हणे, दक्षिणेकडून येणारी.

ते विचारणार नाहीत, तेव्हा मी लिहिते. कप्पी आणि मोठे दगड हलवायला नोव्हेंबरात माणूस लागेल. बायकोला घेऊन ये. कार्डावर सही तिची असते, तेव्हा ती तुझ्यापेक्षा बरी असणार. ओटच्या भाकऱ्या खाते का, ते कळव.

आभार मानत नाही. खरं तेच लिहिलंस.

येताना छिन्न्या तुझ्या आण. मी माझ्या कुणाला देत नाही.

एफी मिल्न
पाथरवट